पिवळी भिंत

वूस्टर, हॉटेल, खोली 14
14 जानेवारी 2024

रचना रामटेके यांस,
सप्रेम जयभीम.

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्या घरातल्या चिखलाशी तुमची चांगली ओळख झाली आहे, म्हणून हे पत्र. मी सुभाष गजभिये. सेव्हर्नकाठच्या ज्या घरातून गेल्या रविवारी तुम्ही सहा जणांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाळ उपसला, ते घर माझं. मी तेव्हा इथे हॉटेलात होतो. कौन्सिलने आम्हाला इथे आणून ठेवलं आहे. घराची किल्ली शेजारच्या बाईंकडे होती. नंतर त्यांनी सांगितलं, की स्लाऊच्या बुद्धविहारातून निळ्या जाकिटातली माणसं आली होती आणि जाताना झाडूसुद्धा धुऊन ठेवून गेली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीवर तुमचं नाव आणि पत्ता होता. फोन नंबरही होता, पण मला आता फोनवर काही ऐकू येत नाही. समोरचा ओरडतो, मी ओरडतो आणि दोघेही दमतो. तीस वर्षं इथल्या टपाल खात्यात पत्रं पत्त्यांप्रमाणे लावली, तेव्हा पत्रच बरं.

बेचाळीस वर्षांत नदी दोनदा फाटकापर्यंत आली होती. या वेळी आत आली, चार फूट. गेल्या वर्षी बायकोच्या आजारपणाच्या गडबडीत विम्याचं नूतनीकरण राहून गेलं, त्यामुळे तिकडून कुणी यायचं नाही. तुम्ही न सांगता आलात. ऐंशीव्या वर्षी हे पाहायला मिळालं.

मागणं काही नाही. एकच सांगून ठेवतो, की मला बायकोला, लीलावतीला, लवकर घरी न्यायचं आहे. रोज चार वाजले की ती कोट घालते, पर्स घेते आणि दाराशी उभी राहते. म्हणते, "चला, आता घरी जाऊ." मी रोज काहीतरी सांगून बसवतो. पण तुम्हाला तुमची कामं आहेत, सवडीने करा.

आपला,
सुभाष गजभिये

—

स्लाऊ
21 जानेवारी 2024

आदरणीय सुभाषकाका,
सप्रेम जयभीम.

आधी भांडण. मी चौतीस वर्षांची आहे, मूळची नागपूरची, इंदोऱ्यातली, आणि तुम्ही मला "तुम्ही" म्हणता? पुढच्या पत्रात "तू" आलं नाही तर तुमच्या अंगणातला गाळ परत आत टाकीन.

याआधी मी पत्र लिहिलं होतं ते नववीत, मुख्याध्यापकांना, आजी आजारी असल्याचं. आजी तेव्हा अंगणात शेवया वाळत घालत होती. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याबद्दल सांगते. विहारात दर रविवारी पहाटे वंदना झाली की आम्ही सहा-सात जण व्हॅन काढतो. संघर्ष चालवतो. तो इथे वेअरहाऊसमध्ये आहे आणि हातोडी त्याच्याच हातात शोभते. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणजे माझ्या हातात काहीच शोभत नाही, म्हणून याद्या करते. आज कंबरेपर्यंतचं प्लास्टर फोडलं, फरशीखालच्या फळ्या उचलल्या, वाळवण्याची यंत्रं लावली. भिंती वाळायलाच तीन-चार महिने लागतील. घाई केली तर आतून बुरशी धरते.

तुमच्या शेजारीण बाई (त्यांचं घर चढावर, म्हणून पाण्यातून वाचलं) मेथडिस्ट चर्चच्या आहेत. त्यांनी सूप आणलं आणि चर्चमध्ये कुणीतरी दिलेला एक सोफा देऊ केला. चांगला होता. मी नम्रपणे नको म्हटलं. काका, आमच्या टीमचा एकच नियम आहे आणि तो मी केलाय: उतरलेलं द्यायचं नाही. माझी आजी रंभाबाई सांगायची, तिच्या लग्नातलं लुगडं मालकाच्या घरचं उतरलेलं होतं, पदरावर दुसरीच्या जेवणाचा डाग. आजी म्हणायची, "बाई, पोट भरलं आमचं उष्ट्यावर, पण मान कधी वर झाली नाही." म्हणून आपल्या माणसांच्या घरात आपण ठेवायचं ते नवंकोरं, नाहीतर ठेवायचंच नाही.

तर सांगा, काकूंना कोणता रंग आवडतो? आणि मी एकदा हॉटेलवर येऊन त्यांना भेटू का?

तुमची,
रचना

—

वूस्टर
3 फेब्रुवारी 2024

चि. रचना,
जयभीम.

घे, "तू". गाळ बाहेरच असू दे.

तुझा नियम वाचला. माझ्या आईनेही उतरलेलंच नेसलं. तुझी आजी बोलून दाखवायची, माझी आई नुसती पदर आतल्या बाजूने घ्यायची. नियम सोडू नकोस.

भेटीचं म्हणशील तर आत्ता नको. लीलावती नव्या माणसांपुढे जरा बुजते. तब्येत नरमगरम. पण स्वभाव तोच, चेष्टेखोर. परवा मी खोलीत शिरलो तर म्हणाली, "पोस्टमनभाऊ, माझं काही पत्र आहे का?" मीही म्हटलं, "आज नाही, बाई. उद्या बघतो." दोघंही हसलो. लग्न होऊन इथे आली तेव्हा भंडाऱ्याहून तिच्या आईचं पत्र यायचं. ती दारातच उभी असायची आणि मला विचारायची, पत्रं तुम्हीच लावता ना, मग माझं मागे का ठेवता?

रंगाचं काय सांगू. स्वयंपाकघराची भिंत पिवळी होती. रंग मीच चुकून गडद आणला होता, त्यावरून चाळीस वर्षं ऐकून घेतोय. वाईट नव्हता तसा. बाकी तुम्ही कराल ते छानच असेल. स्वयंपाकघराचं दार मात्र जुनं असलं तरी मजबूत आहे. आत हुकावर तिचा ॲप्रन असतो. राहिलं तर राहू दे. नाही जमलं तर काही हरकत नाही. उगाच त्रास घेऊ नका.

तुझा,
सुभाषकाका

—

स्लाऊ
3 मार्च 2024

आदरणीय काका,
जयभीम.

काकूंचा पोस्टमनचा किस्सा मी व्हॅनमध्ये सगळ्यांना सांगितला. संघर्ष म्हणाला, अशी बायको मिळणार असेल तर मी उद्या टपालखात्यात लागतो.

आता कामाचं. स्वयंपाकघरातली कपाटं फुगून फुटली होती, ती गेली. लाकडी जमीन गेली. दारापुढचा कचऱ्याचा लोखंडी स्किप दोनदा भरून गेला. दाराचं तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला हसू आलं आणि रागही आला. काका, किती संकोच कराल? "जुनं असलं तरी मजबूत" म्हणे! खालची कड पाण्याने सुटली होती, डावीकडे एक खाच पडलेली, हुक गंजलेला. तुम्हाला आम्ही ते दार परत लावून दिलं असतं तर आजीने वरून माझा कान धरला असता. नवं दार येतंय, पांढरं, काचेचं, उजेड यावा म्हणून.

आणि एक गंमत. शेगडी त्या कोपऱ्यात फार अडचणीची होती. काकूंना वाकावं लागत असणार. ती आम्ही खिडकीखाली घेतोय, मोठ्या ओट्यासकट. गॅसवाल्याशी बोलणं झालंय. पिवळा रंग तुम्ही चुकून आणला होता ना? तुमची चाळीस वर्षांची बोलणी मी एका रविवारात मिटवते.

आपण बुद्धपौर्णिमेच्या आत घर देऊ. काकूंना मुळीच सांगू नका. दार उघडल्यावर त्यांचा चेहरा मला बघायचा आहे.

तुमची,
रचना

—

वूस्टर, कौन्सिलचा फ्लॅट, दुसरा मजला
28 एप्रिल 2024

चि. रचना,

आठ आठवडे तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. मार्चच्या मध्यात आम्हाला हॉटेलातून इथे हलवलं. तुझं पत्र हॉटेलच्या काउंटरवर पडून राहिलं आणि काल माझ्या हातात आलं. तीस वर्षं टपालात काढलेल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते. मी हॉटेलात पत्ता बदलून द्यायला विसरलो. त्या दिवसांत मी खूप काही विसरलो.

आता खरं लिहितो. लीलावती चेष्टा करत नव्हती. तिने मला खरंच पोस्टमन समजून विचारलं होतं. तीन वर्षं झाली, तिची आठवण जाते आहे. मी कुणाला सांगितलं नाही. विहारात नाही, शेजारी नाही, तुला तर नाहीच. लोकांनी तिच्याशी लहान मुलासारखं बोलावं, हे मला सहन होणारं नव्हतं.

घरी ती बरी होती, हे तुला समजलं पाहिजे. माझं नाव कधी चुकायची, पण सकाळी जिन्यावरून उतरायची, डावा हात दाराच्या कडेला लावायची. ती खाच तिच्या हातातल्या कड्यानेच पडली आहे, बेचाळीस वर्षं घासून. त्या खाचेवरून हात सरकला की हुकावरून ॲप्रन काढायची, पिवळ्या भिंतीकडे वळायची, कोपऱ्यात शेगडी, शेगडीच्या डाव्या बाजूला चहाचा डबा. पुराच्या आदल्या दिवशीही तिने मला चहा करून दिला. साखर बरोबर. डोक्यातलं जात होतं, पण हातातलं शिल्लक होतं.

इथे तिला बाथरूम सापडत नाही. गेल्या मंगळवारी मी आंघोळीला गेलो तेव्हा ती बाहेर पडली. दोन तासांनी पोलिसांनी आणून सोडलं. नदीच्या रस्त्याने चालत होती, पायात चपला. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या जागी जेवढं लवकर न्याल तेवढं बरं. फार दिवस हातात नाहीत.

रचना, मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. आईने शिकवलंच नाही. आज मागतो. स्वयंपाकघर होतं तसंच ठेव. जुनं, गंजकं, अडचणीचं, जसं असेल तसं. ते दार कुठे असेल तर परत लाव. भिंत पिवळी ठेव. शेगडी कोपऱ्यात ठेव. तुझ्या आजीला मी वर गेल्यावर समजावीन.

तुझा,
सुभाषकाका

—

स्लाऊ
4 मे 2024

काका,

तुमचं पत्र काल मिळालं. चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायची हिंमत नाही.

दार नाहीये. मार्चमध्येच स्किपमध्ये गेलं. तरी आज सकाळी मी आणि संघर्ष कौन्सिलच्या कचराकेंद्रावर गेलो. तिथला माणूस भला होता, हसला नाही. म्हणाला, मार्चमधलं लाकूड आता भुसाही राहिलं नसेल. भिंत गेल्या रविवारी पांढरी करून झाली, म्हणजे तुम्ही बसून पत्र लिहीत होतात त्याच दिवशी. शेवटचा हात मी स्वतः मारला आणि खाली उभी राहून फोटोही काढला. शेगडी खिडकीखाली.

तुम्ही फेब्रुवारीत लिहिलं होतं, "राहिलं तर राहू दे." ते मी वाचलं होतं, काका. अक्षर न् अक्षर वाचलं होतं. मला वाटलं, आपला माणूस संकोच करतोय. आपल्याकडची म्हातारी माणसं मागताना अशीच बोलतात ना, माझे बाबाही असेच. मग आपण ओळखून दुप्पट द्यायचं, असं मला वाटत आलं. मी एकदा साधं विचारायला हवं होतं, की काका, दार खरंच हवंय का?

आता काय जमतं ते करते. मला सगळं लिहून पाठवा. पिवळा म्हणजे कसा पिवळा, डबा कोणत्या उंचीवर, हुक कुठे. फोटो असेल तर पाठवा. शेगडी परत कोपऱ्यात नेते, गॅसवाला शिव्या घालेल तर घालू दे.

आणि शेजारीण बाईंना मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या मला आत घेऊन गेल्या आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे घे." ओळीतली सगळी घरं एकाच वेळी बांधलेली, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघराचं दार हुबेहूब तसंच आहे. त्यांनी स्वतःचं वापरातलं दार बिजागऱ्यांसकट काढून दिलं. त्यांच्या स्वयंपाकघराला आता पडदा लावलाय. मी ते उतरलेलं दार दोन्ही हातांनी घेतलं आणि त्यांच्या पाया पडले. त्या घाबरल्याच.

एक अडचण आहे. त्यांचं घर तुमच्या घराचं उलटं आहे, त्यांचं डावं ते तुमचं उजवं. दार बसतं, पण उघडतं दुसऱ्या बाजूला. आम्ही पालथं करून पाहिलं, चौकट कापून पाहिली. संघर्ष रात्रीपर्यंत खपला. बिजागऱ्या अखेर तुमच्या बाजूला आल्या. पण खाच नाही. मी म्हटलं, कानशीने पाडूया. तो म्हणाला, "ताई, बेचाळीस वर्षं कानशीने कशी पाडू?"

रचना

—

सेव्हर्नकाठ, घर
10 जून 2024

चि. रचना,
जयभीम.

परवा शनिवारी आम्ही घरी आलो. मी मुद्दाम कुणाला कळवलं नव्हतं. तुला तिचा चेहरा बघायचा होता, हे माझ्या लक्षात होतं. म्हणूनच नाही कळवलं.

मी पाठवलेल्या फोटोवरून पिवळा बराच जुळलाय. माझ्यापेक्षा तुझी नजर बरी. शेगडी कोपऱ्यात, डबा डावीकडे, ॲप्रनसुद्धा तू तसाच निळ्या चौकटींचा शोधलास. मी तिच्याआधी आत जाऊन पाहिलं आणि क्षणभर मला वाटलं, जमलं.

लीलावती पायऱ्या चढून आत आली, स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली. डावा हात बरोबर त्या उंचीवर गेला. हात कडेवरून खाली सरकला, परत वर आला, परत खाली. दोनदा, तीनदा. गुळगुळीत लागत होतं तिला. मग तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला. अनोळखी घरातल्या वस्तूला चुकून हात लागल्यावर पुसतो ना, तसा.

मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाली, "छान आहे हो घर. कुणाचं आहे?"

मी म्हटलं, "आपलं." ती हसली, मोठ्या माणसाच्या थट्टेला पाहुणी हसते तशी. खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर. चहा मीच केला. म्हणाली, "तुम्ही कशाला त्रास घेतलात?" चार वाजले तशी उठली. "चला, आता घरी जाऊ." रचना, मी तिला आता कुठे नेऊ?

काल आणि आजही तसंच. मी तुला दोष देत नाही. हे एकदाच लिहितो, परत लिहायला लावू नकोस. तू माझा मान राखायला नवं दिलंस, मी माझा मान राखायला मागितलं नाही, आणि आपल्या दोघांच्या मानापानात तिचं घर गेलं. दार असतं तरी ती ओळखती की नाही, डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण तो हात जसा परत परत सरकत होता, ते मी पाहिलंय. ते दार असतं तर, असं मला मरेपर्यंत वाटत राहील.

शेजारीण बाईंना नवं दार घेऊन द्या. तुझा नियम त्यांना लागू कर.

आणि आता मागायला शिकलोच आहे, तर एक मागतो. ती अजून मला रोज विचारते, "पोस्टमनभाऊ, माझं पत्र आहे का?" मी रोज "उद्या" म्हणतो. तू तिला पत्र लिही. घरून आलंय असं लिही. मी लिहिलं असतं, पण माझं अक्षर ती ओळखते. तेवढं अजून ओळखते.

तुझा,
सुभाषकाका

—

स्लाऊ
16 जून 2024

काका,

सोबतचं पत्र काकूंना द्या. मी रोज सकाळी वंदनेत खोटं न बोलण्याचं शील घेते आणि दुपारी बसून हे लिहिलं. माहीत असून मोडलंय. दर रविवारी एक पाठवीन.

रचना

—

ती. लीलावतीबाई यांस,
सप्रेम जयभीम.

पत्रास कारण की, घर बरं आहे. तुम्ही काळजी करत असाल म्हणून लिहिते.

या वर्षी नदी फाटकापर्यंतच आली आणि मागे गेली. आत एक थेंब नाही. स्वयंपाकघराची भिंत पिवळीच आहे, तोच गडद पिवळा, काकांनी चुकून आणलेला. ऊन आलं की फारच पिवळी दिसते. तुम्ही त्यांना बोलता ते बरोबरच आहे. शेगडी कोपऱ्यात आहे. चहाचा डबा डावीकडे आहे, अर्धा भरलेला. साखर मी भरून ठेवली.

दार जुनंच आहे. कुणी बदललं नाही. कुणी बदलणारही नाही. तुमच्या कड्याने पडलेली खाच तशीच आहे. मी आज हात लावून पाहिला, बोट बरोबर बसतं. हुक थोडा गंजलाय, पण तुमचा ॲप्रन त्यावरच आहे.

चार वाजले की घाई करू नका. घर कुठे जात नाही. सावकाश या.

तुमची,
रचना